सिडनीच्या पुढचे मुक्काम

ब्रोकन बो, नेब्रास्का
२ मे १९९७

चि. व्हर्नास,
अनेक आशीर्वाद. तू बहात्तर वर्षांची झालीस तरी आशीर्वाद देण्याचा थोरल्या भावाचा हक्क मी सोडणार नाही.

आम्ही दोघं खुशाल आहोत. आसपासची मक्याची पेरणी उरकत आली. आर्डिसने परसात मटार लावलाय आणि सशांशी तिचं रोजचं भांडण सुरू झालंय.

पत्रास कारण की, यंदा जूनमध्ये तुझ्याकडे यायचं नक्की केलं आहे. नऊ वर्षं नुसतं येतो येतो म्हणतोय. पिकअपला राहायचा ट्रेलर जोडून येऊ, म्हणजे तुझ्या घरात गर्दी नको आणि आर्डिसला स्वतःची चूल मिळेल. दिवसाला दोनशे मैलांच्या वर जायचं नाही, तेव्हा वाटेत पाच मुक्काम पडतील. तू एकोणीस वर्षं आरव्ही पार्कच्या कचेरीत बसून जगाला ट्रेलर लावायच्या जागा वाटत होतीस. भावासाठी पाच जागा निवडणं तुला जड जाऊ नये.

अटी थोड्याच आहेत. ट्रेलर सरळ आत नेऊन सकाळी सरळ पुढे बाहेर काढता यावा. मागे घ्यायला लागू नये. मोठ्या रस्त्यावरून समोरची रहदारी कापत डावीकडे वळून आत शिरावं लागू नये. दुपारी दोनच्या आत पोचता यावं. जागेवर झाडं नसली तर उत्तम. वीज-पाण्याची आणि सांडपाण्याची जोडणी हवी, हे तुला सांगायला नको. हमरस्ता टाळून जुन्या तीस नंबरच्या रस्त्याने येईन म्हणतो. ट्रकवाल्यांची घाई आता सोसवत नाही.

पहिली जागा आमच्याच राज्यातल्या सिडनीला बघ. आर्डिसचा तुला नमस्कार.

तुझा भाऊ,
डेल्बर्ट


बेकर सिटी, ओरेगन
९ मे १९९७

तीर्थस्वरूप डेल यास,
साष्टांग नमस्कार, गुडघे वाकतील तेवढा.

तू येणार हे वाचून मी पत्र घेऊन शेजारी दाखवायला गेले. मग आठवलं की हे तू मागेही तीनदा लिहिलं होतंस, म्हणून परत आले. या वेळी अटींसकट लिहिलं आहेस, तेव्हा विश्वास ठेवते.

काल फोन करकरून कान दुखला. पार्क निवडायची माझी पद्धत तुला माहीत नसेल. माहितीपत्रकावरचा फोटो मी बघतच नाही. सगळ्यांनी तो एकाच झाडाखाली उभं राहून काढलेला असतो. मी विचारते की रेल्वेचे रूळ किती लांब आहेत, दोन ट्रेलरांत अंतर किती, आणि पावसानंतर गाडी रुतलेला शेवटचा माणूस कोण. शेवटच्या प्रश्नाला जो हसून उत्तर देतो त्याच्याकडे जागा चांगली असते. वाटेतल्या लॅरमीच्या माणसाने वाऱ्याबद्दल विचारल्यावर विषयच बदलला, म्हणून तिथे दुसरं पार्क बघितलं. सिडनीला मेडोलार्क नावाचं आहे. पेट्राक नावाच्या बाई आणि त्यांची लेक मिळून चालवतात. त्या बाई फोनवर पंधरा मिनिटं बोलल्या आणि त्यातली दहा मिनिटं त्यांनी स्वतःच्या पार्कातल्या उणिवा सांगितल्या. मला त्या बाई पटल्या.

पण डेल, तुझ्या अटी माझ्या गळी उतरत नाहीत. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस तू. येलोस्टोनच्या वाटेवर अख्ख्या पार्काने खुर्च्या मांडून बघावं असा तू तीस फुटी ट्रेलर एका दमात उलटा घेतला होतास, आणि नंतर चार दिवस तेच सांगत होतास. ओढ्याकाठची, झाडांखालची, सगळ्यात अवघड कोपऱ्यातली जागा तुला लागायची. आता सरळ आत, सरळ बाहेर आणि सावली नको. काय झालंय? मान आखडली असेल तर तसं सांग.

आर्डिसला प्रेम. ती गोड आहे म्हणून तुझाही लाड करते.

तुझी,
व्हर्ना


ब्रोकन बो
१६ मे १९९७

चि. व्हर्नास,
आशीर्वाद.

मानच आखडली आहे. म्हातारपणी माणसाची मान आखडते, यात बातमी काय आहे ते मला कळलं नाही. जागा निवडायला सांगितलं होतं, तपास करायला नाही.

सोमवारी, नऊ जूनला निघू. पाचही जागांची नावं आणि वळणं मोठ्या अक्षरात लिहून पाठव. आर्डिस वाचून दाखवील.

लोभ ठेव, प्रश्न कमी कर.

डेल्बर्ट


बेकर सिटी
२१ मे १९९७

प्रिय आर्डिस,
सप्रेम नमस्कार. तुझा मटार सशांपासून वाचला असेल अशी आशा करते.

हे पत्र तुझ्या नावाने टाकते आहे. डेल उघडेल अशी भीती वाटायला हवी होती, पण तुमच्या घरी टपाल हल्ली तूच वाचत असावीस असं मला वाटतं. त्याच्या मागच्या पाकिटावर माझा पत्ता तिकिटावरून गेला होता. आत दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. डेलचं अक्षर बाईंनी वर्गात फिरवून दाखवावं असं होतं, हे मी त्याची बहीण असूनही कबूल करते.

त्याला दिसत नाही का? मला एवढंच सांग.

तुझी,
व्हर्ना


ब्रोकन बो
२७ मे १९९७

प्रिय व्हर्ना,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र तीन दिवस एप्रनच्या खिशात घेऊन हिंडले. डेल शेजारी बसून असतो, त्यामुळे लिहायला वेळ सापडेना. आत्ता तो न्हाव्याकडे गेलाय. पायी.

तू ओळखलंस ते खरं आहे. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, दोन वर्षं झाली. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. घड्याळाकडे बघितलं तर आकडे दिसतात आणि काटे नाहीत, असं तो सांगतो. यावर औषध नाही. मार्चमध्ये डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं. तिथून घरी येताना गाडी त्यानेच चालवली.

आता आम्ही दोघं मिळून चालवतो. मी बाजूला बसून बोलत राहते. उजवीकडे थोडं, दिवा लाल, पुढे ट्रॅक्टर. गावातल्या गावात निभतं. मी छोटी गाडी चर्चपर्यंत नेते, पण ट्रेलरला त्याने मला कधी हात लावू दिला नाही. तू म्हणशील, मग नाही म्हण. त्याला नाही म्हणायला मी बावन्न वर्षं उशीर केला आहे.

आणि एक सांगते, म्हणजे तू त्याला फार वाईट म्हणणार नाहीस. डॉक्टर म्हणाले की या दुखण्यात माणसांचे चेहरे लवकर जातात. त्या दिवसापासून त्याने हा प्रवास मनात घेतला. तुझ्या फोटोवर भिंग फिरवत बसतो. उरलंय तेवढ्यात तुला एकदा बघून घ्यायचं आहे त्याला. मी ते मोडू शकले नाही.

मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस. जागा चांगल्या निवड. जागा सोप्या असल्या तर माझं निम्मं काम हलकं होईल.

तुझी वहिनी,
आर्डिस


बेकर सिटी
३ जून १९९७
(मेडोलार्क पार्क, सिडनी, कचेरीच्या पत्त्यावर. पोचल्यावर देणे.)

प्रिय डेल,
नमस्कार. आर्डिस हे वाचून दाखवत असेल. आर्डिस, मला क्षमा कर आणि पुढे वाच.

तुझ्या डोळ्यांचं मला कळलं आहे. निम्मं तुझ्या अटींनी सांगितलं, उरलेलं मी आर्डिसकडून काढून घेतलं. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागाव, मी आठशे मैल लांब आहे.

सिडनीच्या पुढचे चारही मुक्काम मी रद्द केले आहेत. हे घरी लिहिलं असतं तर तू पत्र चुलीत घालून, कुठेही ट्रक थांबतात तिथे मुक्काम करत आला असतास. मी तुला ओळखते. म्हणून तुला एका जागी बसवून मग सांगते आहे.

मेडोलार्क मी एका मुक्कामासाठी निवडलेलं नाही. ते महिना-महिना राहायचं पार्क आहे. जमीन तव्यासारखी सपाट आहे आणि वाटांच्या कडा पांढऱ्या दगडांनी आखल्या आहेत. कडेचं तुला दिसतं, तेव्हा त्या दिसतील. किराण्याचं दुकान मोठा रस्ता न ओलांडता चालत जाता येतं. दवाखाना जवळ आहे. मी येईन ती बस ज्या पेट्रोल पंपाशी थांबते तो अर्ध्या मैलावर आहे. चौदा नंबरची जागा शेवटची आहे, पुढे सगळा गहू. पेट्राकबाईंना मी सगळं सांगून ठेवलं आहे, आणि त्या कोणाला काही सांगणाऱ्यांपैकी नाहीत.

वीस तारखेला मी इथून निघते. तुला माझं तोंड बघायचं आहे ना, ते मीच घेऊन येते. तू तिथून हलू नकोस.

राग ओसरेल तेवढाच लोभ परत कर. घाई नाही.

व्हर्ना


मेडोलार्क पार्क, सिडनी
११ जून १९९७

व्हर्नास,
आशीर्वाद नाहीत.

हे मी सांगतोय आणि आर्डिस लिहिते आहे. मी तिला सांगितलंय की माझे शब्द जसेच्या तसे उतरव. (उतरवते आहे. काही गाळले आहेत, ते तू ऐकू नयेस असे होते.)

माझ्या पाठीमागे माझे मुक्काम रद्द करणारी तू कोण, हे मला कळू दे. मी शहाऐंशी वर्षांचा नाही, शहात्तर वर्षांचा आहे. तुझं पत्र परवा इथे आल्यावर मिळालं. काल दिवसभर मी आर्डिसशी बोललो नाही. (जेवला मात्र नीट.)

तरीही आज लिहितोय, कारण तुला दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. सोमवारी लॉजपोलच्या पुढे जुन्या रस्त्यावर डागडुजी चालली होती. एक बाई थांबायची पाटी घेऊन रस्त्यात उभी होती. मला दोन्हीकडचं गवत दिसत होतं, कुंपणाचे खांब दिसत होते, कडेचे नारिंगी शंकूसुद्धा दिसले. ती दिसली नाही. बरोबर मधोमध उभी होती ती. आर्डिस ओरडली आणि मी ब्रेक दाबला. चार हात अलीकडे गाडी थांबली. (त्या वेळी मी नकाशा बघत होते. हे त्याने सांगितलेलं नाही. मी माझं लिहिते आहे.)

ती बाई रागावली नाही. आर्डिसच्या खिडकीशी आली आणि इथून पुढे गाडी तुम्ही चालवणार का, असं तिने विचारलं. आर्डिसने ट्रेलर ओढता येत नाही म्हणून सांगितलं. मग त्यांच्यातल्या एका वयस्क माणसाने आमचा ट्रेलर इथवर आणला. मी मधे बसलो होतो. पंधरा मैल त्याने हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पुढे निघायचा माझा विचार होता, हेही सांगून टाकतो. ऊन डोळ्यांवर होतं असं मी स्वतःला समजावलं होतं. तुझं पत्र नसतं तर निघालोही असतो.

किल्ल्या आर्डिसच्या पर्समध्ये आहेत. माझा राग गेलेला नाही. वीस तारखेला येताना राय धान्याची भाकरी... (ब्रेड म्हणायचं आहे त्याला, तुझ्या गावच्या बेकरीतला, जाड सालीचा) घेऊन ये.

डेल्बर्ट
(आणि आर्डिस. मी तुला क्षमा केली, पण ते पत्र मोठ्याने वाचताना माझा आवाज कसा झाला होता ते मलाच माहीत.)


बेकर सिटी
१४ जुलै १९९७

तीर्थस्वरूप डेल आणि प्रिय आर्डिस,
दोघांना नमस्कार. बसमध्ये शेजारी मिळालेल्या गृहस्थाने बॉइसीपर्यंत माझ्या खांद्यावर झोप काढली. पोचले मात्र सुखरूप.

घरी आल्यापासून मला तुमच्या त्या चौदा नंबरच्या जागेची फार आठवण येते. पहिल्या दिवशी डेलने मला समोर न बसवता खुर्ची बाजूला ओढायला लावली, स्वतः गव्हाकडे तोंड करून बसला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला की मी थेट आईसारखी दिसायला लागले आहे. मी तेव्हा रागावल्याचं सोंग केलं, कारण आईच्या हनुवटीवर केस होते. पण ते वाक्य मी घेऊन आले आहे.

सप्टेंबरपर्यंत तिथेच राहायचं ठरवलंत ते चांगलं केलंत. आर्डिसबरोबर मी गावातली आणखी दोन पार्कं पायाखाली घातली, ती उगाच नाही. तलावाजवळचं दिसायला सुंदर होतं, पण तिथे आंघोळीच्या खोलीला तीन पायऱ्या आणि कठडा नाही. आर्डिसने आत न जाताच मान हलवली. तिच्या हातात निवड असती तर आपण सगळ्यांनी किती तरी चांगल्या जागी मुक्काम केले असते.

एक गोष्ट तिथे असताना तोंडातून निघाली नाही. तुमचा पहिला टप्पा मी जाऊ दिला. मला सगळं माहीत असून मी एकशे नव्वद मैल तुम्हाला रस्त्यावर सोडलं, कारण मला माझी युक्ती शहाणपणाची वाटत होती. मी तुमच्या शेजाऱ्यांना फोन करू शकत होते, शेरीफच्या पोलिसांना कळवू शकत होते. तू चिडशील म्हणून केलं नाही. ती पाटीवाली बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

डेल, त्या बाईला शोध. ती माणसं अजून त्याच रस्त्यावर कुठेतरी काम करत असतील. तिचे आभार मान. माझ्या वाटणीचेही.

लोभ आहेच, तो मोजायचं मी केव्हाच सोडलं.

व्हर्ना


सिडनी
२ ऑगस्ट १९९७

चि. व्हर्नास,
अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

हे पत्र मी स्वतः जाड काळ्या पेनने लिहितो आहे. पानावर पाचच ओळी मावतात, म्हणून पाकीट फुगलं आहे. आर्डिसकडून लिहून घेणार होतो, पण यात तिच्याबद्दल आहे.

गाडी चालवायचा परवाना मी गेल्या आठवड्यात सरकारी कचेरीत नेऊन दिला. खिडकीवरची मुलगी फार अदबीने वागली. मग काल त्या पाटीवालीला शोधायला गेलो. त्यांचं काम आता सिडनीच्या पश्चिमेला पॉटरजवळ चालू आहे. ट्रेलर इथेच ठेवला आणि पिकअप आर्डिसने चालवली. ताशी पस्तीस मैल. मागे गाड्यांची रांग लागली होती, पण तिने कोणाची पर्वा केली नाही.

त्या बाईचं नाव रोशेल आहे. समोर उभी न राहता जरा बाजूला उभी राहा, म्हणजे दिसशील, असं मी तिला सांगितलं. तिने लगेच ऐकलं. वय पंचविशीचं असेल, पाठीवर वेणी, नाकावर उन्हाचे ठिपके. मी तिचे आणि तिच्या माणसांचे आभार मानले, तुझेही सांगितले. आणि म्हणालो की चार हात अलीकडे थांबलो हे नशीब.

तिने हातातली पाटी खाली टेकवली. मग म्हणाली की काका, तुम्ही अलीकडे थांबला नव्हता. गाडीचा वेग कमी होत नाही आणि चालवणाऱ्याचे डोळे तिच्याकडे असून तिला बघत नाहीत, हे तिला दुरूनच कळलं होतं. तिने पाटी टाकली आणि चरात उडी मारली. ती उभी होती त्या जागेवरून गाडी पुढे गेली आणि मग थांबली. पाटी पुढच्या चाकाखाली सापडली. हे सगळं तिने चिडून सांगितलं नाही. रोज कोणी ना कोणी चुकतं, म्हणून पाटीवाल्या एक पाय चराकडे ठेवूनच उभ्या राहतात, म्हणाली.

व्हर्ना, एकतीस वर्षांत मी कोणाच्या पोराला ओरखडा येऊ दिला नव्हता. ते मी सगळ्यांना सांगत आलो. आता सांगणार नाही.

परतताना आर्डिसने गाडी कडेला घेतली. तिला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या दिवशी मी इतका थरथरत होतो की चार हात अलीकडे थांबलो असं सांगून तिने वेळ मारून नेली. मग तुला धाडलेल्या पत्रातही मी तेच सांगितलं, तिने तेच उतरवलं, आणि नंतर मागे घेता येईना. ती रडली. मी तिला म्हणालो, मी दोन वर्षं लपवलं आणि तू सात आठवडे, म्हणजे अजून मीच पुढे आहे. त्यावर ती हसली नाही, पण गाडी सुरू केली.

तू त्या एकशे नव्वद मैलांचा वाटा मागते आहेस. आर्डिस नकाशाचं घेऊन बसली आहे. दोघींना एकच सांगतो. पेडलवर पाय माझा होता. ते मैल माझे आहेत, ते माझ्याकडे राहू द्या.

पार्काकडे वळायच्या चौकात आर्डिसने विचारलं की उजवीकडून काही येतंय का. मी खिडकीशी बसलो होतो, मला कडेचं चांगलं दिसतं. काही नाही, असं मी सांगितलं. तिने मान वाकवून स्वतः एकदा बघितलं आणि मगच वळली.

बरं केलं तिने.

तुझ्यावर माझी माया आहे तशीच आहे, हे या शेवटच्या पानावर एवढ्यासाठीच मोठ्या अक्षरात लिहितो की ते मलाही वाचता यावं.

तुझा,
डेल